नकाशात ती विहीरही काढा

पावसाळा लागला की सरकारी दवाखान्यात हगवण-ओकारीचे रुग्ण वाढतात. सलाईन लावता लावता आम्ही डॉक्टर एक ठरलेला प्रश्न विचारतो, ‘काल काय खाल्लं होतं?’ शिळी भाजी, लग्नातली पंगत, बाजारातली भजी अशी उत्तरे येतात, ती केसपेपरवर लिहिली जातात. पण ‘पाणी कुठून आणलं होतं, किती वाजता भरलं होतं आणि तुमचं घर टाकीपासून कितवं?’ हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला वाटते, की निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत हेच प्रश्न आधी विचारायला हवेत.

गेल्या पावसाळ्यात शिबिरासाठी सेमाडोहला गेलो होतो. परतवाड्याहून घटांगचा घाट चढून-उतरून गेले की सिपना नदी भेटते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. उन्हाळ्यात तळ दिसणारी ही नदी त्या दिवशी चहाच्या रंगाची होऊन वाहत होती. त्या पाण्यात काय काय मिसळलेले असेल याचा विचार करत असताना शेजारच्या एका गावातला पाणी सोडणारा कर्मचारी म्हणाला, ‘‘साहेब, टोकाच्या घराले पानी जाते, पन पावडरीचा वास नाही जात.’’ आजचा लेख त्याच्या या वाक्यावर आहे. पाण्याबरोबर घाण कुठवर जाते आणि पाण्याबरोबर औषध कुठवर पोहोचते, या दोन गोष्टींचा हिशेब मांडण्याचे शास्त्र आज संगणकावर फुकट मिळते. आपल्या गावांच्या नळयोजनांसाठी ते वापरले गेले पाहिजे, आणि नीट वापरले गेले पाहिजे.

याच चिखलदरा तालुक्यात जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. माणसे दगावली. गावात नळयोजना होती, पण वीजबिल थकल्याने तिचा वीजपुरवठा बंद होता आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. साथ आली की पथके जातात, पाण्याचे नमुने घेतले जातात, विहिरीत टीसीएल पावडर पडते, टँकर सुरू होतो. हे सगळे लागतेच. पण हे सगळे नंतरचे आहे. जलप्रदूषणाच्या संगणकीय प्रतिकृतीचा उपयोग मुख्यतः आधी करायचा असतो.

प्रतिकृती म्हणजे काय, हे डॉक्टरला समजायला सोपे आहे. आपण शिरेतून औषध देतो, ते रक्ताबरोबर वाहत जाते, शरीरभर पसरते आणि यकृत-मूत्रपिंडात हळूहळू संपते. किती तासांनी निम्मे उरेल हे ठाऊक असते, म्हणून पुढचा डोस कधी द्यायचा ते ठरते. पाण्यातल्या पदार्थाचेही तसेच आहे. तो प्रवाहाबरोबर वाहतो, आजूबाजूच्या पाण्यात पसरतो आणि वाटेत काही अंशी मरतो, विरतो किंवा तळाला बसतो. वाहणे, पसरणे, संपणे या तीन क्रिया समीकरणांत मांडल्या आणि नळांच्या जाळ्याचे मोजमाप दिले, की कोणत्या घरी किती वाजता काय पोहोचेल हे संगणक सांगू शकतो.

यासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर म्हणजे एपानेट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. ते मोफत आहे आणि साध्या संगणकावर चालते. नळातल्या पाण्यासाठी ते, नदीसाठी क्वाल-टू-के, भूजलासाठी मॉडफ्लो, अशी प्रत्येक पाण्याची वेगळी साधने आहेत. आपल्याकडेही आयआयटी मुंबईने ग्रामीण नळयोजनांसाठी ‘जलतंत्र’ हे साधन तयार केले आहे. कमीत कमी खर्चात कुठे किती व्यासाची पाइप टाकावी, हे ते सांगते. पाणी पोहोचेल का, हा प्रश्न त्याने सुटतो. पोहोचेल ते पाणी कसे असेल, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळा विचारावा लागतो.

असा प्रश्न विचारल्यावर काय हाती लागते, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात गिडिअन नावाचे हजारभर वस्तीचे गाव आहे. १९९३ च्या नोव्हेंबरात तिथल्या पाण्याला वास येऊ लागला, म्हणून सगळे हायड्रंट उघडून जाळे धुऊन काढले गेले. त्यानंतर सालमोनेला जंतूची साथ आली आणि वृद्धाश्रमातले सात जण दगावले. पाण्यात क्लोरिन टाकले जात नव्हते. तपास करणाऱ्यांनी गावाचे जाळे एपानेटमध्ये मांडले आणि पाइप धुताना कोणत्या टाकीचे पाणी कुठे गेले असेल ते काढून पाहिले. एका टाकीचे पाणी पहिल्या काही तासांत ज्या भागात पोहोचले होते, तिथेच सुरुवातीचे रुग्ण होते. त्या टाकीत पक्षी शिरत होते, त्यांची विष्ठा पाण्यात पडत होती. पाइप धुण्याच्या चांगल्या कामाने ती घाण गावभर नेली होती. आपल्याकडे झाकण नसलेल्या टाक्या किती आहेत, हे वाचकांनी आपापल्या गावात मान वर करून पाहावे.

आता ही प्रतिकृती मांडायची कशी? त्यासाठी अभियंता हवाच, पण तो कोणते प्रश्न विचारतो हे सरपंचापासून आशाताईपर्यंत सर्वांना माहीत असावे, कारण उत्तरे त्यांच्याकडेच असतात.

पहिले काम नकाशा. विहीर किंवा बोअर, पंप, टाकी, पाइप, प्रत्येक पाइपची लांबी-व्यास, जमिनीचा चढ-उतार आणि प्रत्येक फाट्यावर किती घरे. मेळघाटात एका गावाचे अनेक ढाणे असतात, एक टेकडीवर तर एक नाल्याकाठी. कागदावरच्या योजनेत आणि जमिनीवरच्या पाइपमध्ये फरक असतो. कोणीतरी मधूनच जोड घेतलेला असतो, कुठे व्हॉल्व्ह अडकलेला असतो. हे पाणी सोडणाऱ्या माणसाला माहीत असते, आराखड्याला नसते.

दुसरे, पाण्याचा वापर. दर माणशी दिवसाला ५५ लिटर हे जल जीवन मिशनचे प्रमाण सरासरी आहे. प्रत्यक्षात सकाळी दोन तास सगळी घरे एकदम पाणी भरतात आणि उरलेला दिवस पाइप रिकामी असते. ही वेळ प्रतिकृतीत घातली नाही तर उत्तर चुकते.

तिसरे, पदार्थ कोणता आणि तो कुठे शिरतो. क्लोरिन असेल तर टाकीत किती पडले, घाण असेल तर ती कोणत्या जोडातून आत आली. सॉफ्टवेअरमध्ये हा उगम नोंदवायला विसरले, तर सगळीकडे शून्य प्रदूषण दिसते आणि पडद्यावर गाव हिरवेगार होते. असे हिरवे चित्र पाहून कोणाचेही समाधान होईल. म्हणून अहवालात ‘प्रदूषण आढळले नाही’ असे असेल तर आधी विचारावे, की उगम कुठे धरला होता?

चौथे, पदार्थ किती वेगाने संपतो. यासाठी एक सोपा हिशेब करून पाहू. टाकीत ५०,००० लिटर पाणी आहे आणि लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरिन हवे आहे. म्हणजे ५० ग्रॅम क्लोरिन. चांगल्या टीसीएल पावडरीत ३३ टक्के उपलब्ध क्लोरिन असते, म्हणून सुमारे १५० ग्रॅम पावडर लागेल. पण पोते ग्रामपंचायतीच्या ओलसर खोलीत महिनोन्‌महिने उघडे राहिले आणि ताकद १५ टक्क्यांवर आली, तर त्याच १५० ग्रॅममधून लिटरला जेमतेम ०.४५ मिलिग्रॅम मिळेल. कर्मचाऱ्याने नेहमीइतकीच पावडर टाकलेली असेल, त्याची चूक काहीच नसेल.

आता समजा चांगली पावडर पडली आणि दर आठ तासांनी क्लोरिन निम्मे होते असे धरू. सकाळचे १ मिलिग्रॅम आठ तासांनी ०.५, सोळा तासांनी ०.२५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ०.१२५ राहते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन हवे. म्हणजे काल सकाळी शुद्ध केलेले पाणी आज सकाळी टोकाच्या घरी पोहोचले, तर ते निशस्त्र होऊन पोहोचले. ‘पावडरीचा वास नाही जात’ हे त्या कर्मचाऱ्याचे निरीक्षण या गणितात नेमके बसते. आठ तास हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला. खरा आकडा पाण्याचा गढूळपणा, तापमान आणि पाइपच्या आतला थर यांवर ठरतो, आणि तो प्रत्येक गावात मोजता येतो. स्वच्छ बाटल्यांत क्लोरिन टाकलेले पाणी भरून अंधारात ठेवायचे आणि दर काही तासांनी एकेक बाटली उघडून मोजायचे. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

पाचवे, पाण्याचे वय. टाकी बांधताना पुढच्या अनेक वर्षांची लोकसंख्या धरलेली असते. ५०,००० लिटरच्या टाकीतून गाव आज रोज २५,००० लिटरच घेत असेल, तर पाणी टाकीत सरासरी दोन दिवस राहते. मोठी टाकी गावाच्या अभिमानाची गोष्ट असते, पण तिच्यातले शिळे पाणी आरोग्याच्या दृष्टीने चिंतेची. इथे प्रतिकृती मांडणाऱ्यांची एक नेहमीची चूकही सांगतो. ते २४ तासांचेच गणित चालवतात. सुरुवातीला टाकीत जे पाणी गृहीत धरले असते, त्याचाच प्रभाव पहिल्या दिवशी दिसतो. रोजचे चक्र स्थिर होईपर्यंत, म्हणजे बरेच दिवस गणित पुढे चालवावे लागते. तेव्हा कुठे टाकीतल्या शिळेपणाचा खरा आकडा दिसतो.

इतके केल्यावरही या साधनाच्या मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे. एपानेट पाइप सतत भरलेली आहे असे धरून चालते. आपल्या गावांत आणि शहरांतही पाणी ठरावीक वेळच येते. पाणी बंद झाले की पाइपमधला दाब जातो आणि फुटक्या जोडातून बाहेरचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत ते सगळे कोणाच्या तरी हंड्यात पडते. पहिले पाणी सोडून द्यावे, हे आपल्या बायकांना अनुभवाने ठाऊक असते. पण तासभर पायपीट वाचवणाऱ्या नळाचे पाणी ओतून देणे जिवावर येते. अशा ठिकाणी पडद्यावरच्या आकड्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. पाणी सुटताच टोकाच्या नळाचा पहिला नमुना घ्यावा आणि त्यावर गणित तपासावे.

दुसरी मर्यादा जमिनीखालची आहे. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर गुरांच्या शेणातले ई. कोलाय जंतू विहिरीत उतरले. सात जण दगावले, २,००० हून अधिक आजारी पडले. क्लोरिनची मोजणी न करताच नोंदवहीत आकडे लिहिले जात होते, हे चौकशीत उघड झाले. पण तिथला आणखी एक धडा आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. साथीनंतर तिथल्या भूजलाची प्रतिकृती केली तेव्हा खडक जणू वाळूसारखा एकजिनसी आहे असे धरले होते. पुढे पाण्यात रंग सोडून प्रत्यक्ष चाचणी केली, तर पाणी खडकाच्या भेगांतून त्या अंदाजाच्या कितीतरी पट वेगाने धावताना दिसले.

मेळघाटचा खडक काळा बेसाल्ट आहे. तिथेही पाणी भेगा-फटींतूनच चालते. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून ‘पुरेसा लांब’ आहे हे एखाद्या सरसकट आकड्यावरून ठरवणे तिथे धोक्याचे. मेळघाट उतरून खाली पूर्णेच्या खोऱ्यात आले की अमरावती-अकोल्याचा खारपाणपट्टा लागतो. तिथे गाळाची जाड जमीन आणि खारे भूजल, म्हणजे हिशेब पुन्हा निराळा. नदीचाही वेगळा. सिपनेचा प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल तर सेमाडोहला पडलेली घाण तासाला १.८ किलोमीटर वेगाने कोलकासच्या दिशेने जाईल, पुरात त्याहून कितीतरी लवकर. एकाच जिल्ह्यात इतकी पाणी आणि इतक्या जमिनी आहेत. मुंबईहून एक तक्ता तयार करून सगळीकडे पाठवला तर तो कुठेच बसणार नाही.

आता मुख्य मुद्दा. पाचडोंगरीच्या नळयोजनेची उत्तम प्रतिकृती कोणी २०२१ मध्येच केली असती असे समजा. सगळ्या पाइप बरोबर, क्लोरिन टोकापर्यंत बरोबर. तरी तिने ती साथ दाखवली असती का? नसती. कारण नकाशात पंप चालू दाखवलेला असता आणि उघडी विहीर नकाशात नसती. योजना बंद पडली की लोक पाण्यावाचून राहत नाहीत, ते जुन्या वाटेने जातात. विहिरीवर, झिऱ्यावर, नाल्यावर. घाणीचा प्रवास त्या वाटेने होतो, आणि ती वाट अभियंत्याच्या फाइलमध्ये नसते. ‘योजना पूर्ण’ असा शेरा पडला की गावाचे जुने पाणी सरकारी कागदातून पुसले जाते, गावातून मात्र ते पुसले जात नाही.

म्हणून प्रत्येक प्रतिकृतीत दोन दिवस मांडावेत. एक, सगळे सुरळीत असलेला दिवस. दुसरा, पंप बंद असलेला दिवस. पंप बंद झाल्यावर टाकी किती तास पुरेल, टाकीतले क्लोरिन किती तास टिकेल आणि त्यानंतर कोणता ढाणा कोणत्या विहिरीवर जाईल? ही तीन उत्तरे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेली असावीत. ज्या विहिरीवर लोक जाणार, तिचे शुद्धीकरण योजना चालू असतानाही थांबू नये. आणि नळयोजनेचे वीजबिल हा आरोग्याचा खर्च आहे असे मानले जावे. रुग्णालयातल्या ऑक्सिजनचे बिल थकले म्हणून कोणी नळी काढत नाही. पाण्याच्या पंपाला निदान पावसाळ्यात तेवढाच मान मिळावा. थकबाकीचा वाद कार्यालयांनी आपसात मिटवावा, त्याची किंमत लेकरांनी मोजू नये.

यावर एक आक्षेप येईल. जिथे जलसुरक्षकाचे मानधन वेळेवर होत नाही, तिथे सॉफ्टवेअरच्या गप्पा कशाला? आक्षेप रास्त आहे. संगणक पावडर टाकत नाही, टाकीला झाकण लावत नाही. पण कोणत्या टाकीला आधी झाकण लावायचे आणि कोणत्या टोकाला आधी तपासायचे, हे तो सांगतो. हाताशी माणसे आणि पैसा कमी असताना हे कळणे अधिकच मोलाचे. खर्च म्हणाल तर सॉफ्टवेअर फुकट आहे. अमरावतीत शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सिपनेच्याच नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नागपुरात नीरी आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प करावे लागतात. त्यांतले काही मेळघाटच्या नळयोजनांवर झाले, तर काही वर्षांत बऱ्याच गावांचा नकाशा तयार होईल. अट एकच. विद्यार्थ्याने गावात जाऊन पाणी सोडणाऱ्याबरोबर एक सकाळ आणि पाणी भरणाऱ्या बायकांबरोबर एक सकाळ घालवल्याशिवाय संगणक उघडू नये.

आपल्याकडे यासाठी एक चौकटही तयार आहे. पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना जोखमीप्रमाणे लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. त्या सर्वेक्षणात एवढे जोडावे : टोकाच्या नळाचे क्लोरिन, टाकीतल्या पाण्याचे वय आणि पंप बंद पडल्यावरची विहीर. हिरवे कार्ड मिळालेल्या गावाने हे तीन आकडे दाखवता आले पाहिजेत.

आणि आम्ही डॉक्टरांनीही आपली बाजू सुधारावी. १८५४ मध्ये लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टराने कॉलऱ्याच्या मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवले. त्याच्याकडे संगणक नव्हता, रुग्णाचा पत्ता होता. आमच्या केसपेपरवर गावाचे नाव असते, पण ढाणा नसतो, नळाची ओळ नसते, पाणी भरल्याची वेळ नसते. एवढे लिहायला अर्धा मिनिट लागतो. तीन रुग्ण एकाच टोकाचे निघाले तर त्याच संध्याकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामपंचायतीला फोन जाऊ शकतो, तिसाव्या रुग्णाची वाट पाहावी लागत नाही.

वाचकांसाठी आज एवढेच. उद्या सकाळी पाणी सुटेल तेव्हा आपले घर टाकीपासून कितवे आहे ते मोजा. शेवटच्या दोन-चार घरांत असाल तर ग्रामपंचायतीकडून किंवा आशाताईंकडून क्लोरिनची चाचणी आपल्याच नळावर करून घ्या, टाकीखालच्या नळावर नव्हे. रंग पिवळा आला नाही तर पाणी उकळून प्या आणि तसे लेखी कळवा. आणि पुढच्या ग्रामसभेत विचारा, की पंप बंद पडला तर आपण कोणत्या विहिरीवर जाणार, आणि तिच्यात शेवटची पावडर कधी पडली होती?